गाय धुऊन खाती का?

माझ्या संशोधनाचा विषय सोपा करून सांगायचा तर एवढाच होता: माळावर, बांधावर, ओढ्याकाठी जो चारा कुणी न पेरता उगवतो, त्यात गुरांच्या कामाचे क्षार किती असतात आणि नको असलेले धातू किती असतात, ते मोजायचं. एका बाजूला कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, जस्त, तांबं. दुसऱ्या बाजूला शिसं, कॅडमियम. सरांनी हा विषय दिला तेव्हा मी जरा खट्टूच झाले होते. माझ्याबरोबरच्या मुली औषधांवर काम करत होत्या, नव्या रसायनांवर करत होत्या, आणि माझ्या वाट्याला गवत आलं होतं.

घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "मग काकूकडं जा की. तिच्याएवढं गवत कुणाला कळतंय?"

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही हिंगोलीत राहायचो, आणि काकूला कितीदा बोलावलं तरी ती गाव सोडून आली नाही. औंढ्याकडून वसमतला जाताना डोंगर उतरला की रस्त्याला लागूनच आमचं गाव आहे. तिथं काकूची एक लाल कंधारी गाय होती आणि सात-आठ शेळ्या होत्या. जमीन बटईनं दिलेली होती. तिचा सगळा दिवस या जनावरांमागे जायचा. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या आहेत. शेळ्यांमागे मी पुष्कळ हिंडले, पण शेळी नेमकं काय खाते हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

मी कागदी पिशव्या, वही आणि स्टीलची कात्री घेऊन पोचले तेव्हा काकू दारातच हसायला लागली.

"आता गं माय! गवत मोजायला शिकलीस व्हय इतकी शाळा?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पुढं होती. मी माझ्या पुस्तकातल्या यादीप्रमाणे झाडं शोधत होते, ती शेळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. "तुझी यादी ठिव तिकडं," ती म्हणाली. "त्या काळ्या शेळीमागं चाल. ती ज्याला तोंड लावंल ते तोड."

मग आम्ही त्या काळ्या शेळीमागं चाललो. शेळी बोरीच्या पाल्यावर दोन पायांवर उभी राहायची, चार घास घ्यायची आणि सोडून द्यायची. तिथून हिवराकडं. मग खाली मान घालून पाथरी, मधेच केना, मग परत वर शेवरीला. तरोट्याला नुसतं हुंगून पुढं जायची. काकूकडे प्रत्येकाचं काही ना काही होतं. पाथरीनं दूध उतरतं, केना जास्त झाला की ढाळ लागते, पावसाळ्यातली हरळी आणि उन्हाळ्यातली हरळी ही एक नव्हे. मी वहीत लिहून घ्यायचे आणि पिशवीवर नाव टाकायचे. चार-पाच दिवसांत तिनं मला एकोणीस झाडं दिली. त्यातली सहा माझ्या यादीत नव्हतीच.

त्यातल्याच एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी पाला धूत होते. पद्धतच तशी आहे. आधी नळाच्या पाण्यानं, मग सोबत आणलेल्या शुद्ध पाण्यानं, म्हणजे वरची धूळ निघून जाते आणि झाडाच्या आत जे आहे तेवढंच मोजलं जातं. काकू गाईला पाणी दाखवून आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"हे काहून धुऊन राहिलीस?"

मी समजावून सांगितलं. धुळीत लोखंड असतं, मातीचे कण असतात, त्यानं माप चुकतं.

तिनं बादलीतलं गढूळ पाणी बघितलं. मग म्हणाली, "गाय धुऊन खाती का?"

मी हसले. पण हसता हसता हात थांबले. ती बरोबर बोलत होती. गाईच्या पोटात जातं ते धुळीसकट जातं. मला झाडाचं मोजायचं होतं की गाईच्या पोटाचं? मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "प्रत्येक नमुन्याचे दोन भाग कर. एक धुतलेला, एक न धुतलेला. काम दुप्पट होईल, तुझी तयारी आहे का?"

काम खरंच दुप्पट झालं. वाळवायचं, दळायचं, भट्टीत राख करायची, ती राख आम्लात विरघळवायची आणि मग यंत्राला पाजायची, आणि हे सगळं आता प्रत्येक झाडाचं दोनदा. एसटीनं परत जाताना माझ्याकडे दोन पोती वाळलेला पाला होता. वाहकानं विचारलं, "बाई, शेळ्या घेऊन कुठं चालल्या?" मी म्हटलं, शेळ्या मागून येतात.

महिन्या-दीड महिन्यानं मी पुन्हा यायचे, वेगळ्या ऋतूतला चारा घ्यायला. अशा एका हिवाळी खेपेला गोठ्यात कालवड दिसली. गाय व्यायली होती. कालवड तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाय एवढे लांब की ते कुठे ठेवावेत हे तिलाच कळत नव्हतं. काकू तिला "बाई" म्हणायची. मलाही "बाई"च म्हणायची. त्यामुळे हाक मारली की आम्ही दोघी वळायचो, आणि काकूला त्यात फार मजा वाटायची.

"हिचं तोंड बघ, तुझ्यावानीच हाय," ती म्हणायची. "कशातबी घालती."

ते खरं होतं, आणि नुसत्या कालवडीचं नव्हे. त्या साली गाईलाही भलतीच खोड लागली होती. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं तिनं पदरापासून चघळून टाकलं. गोठ्याची भिंत चाटून चाटून तिथं खळगा पडला होता. काकूला वाटायचं, व्यायल्यामुळं असेल. मला वाचून माहीत होतं की अंगात फॉस्फरस कमी पडला की गुरं असं करतात, हाडं चघळतात, माती खातात. पण माझे आकडे अजून यायचे होते, आणि आकड्याशिवाय बोलायचं नाही असं सरांनी शिकवलेलं. मी काही बोलले नाही. गुरांना चाटायला क्षारांची एक चाटण वीट तरी आणून द्यायला हवी होती, हे आता कळतं.

उन्हाळा लागला. कुरुंद्याकडच्या रानात हळद शिजायला लागली की तिचा वास आमच्या गावापर्यंत येतो, तो आला. माळ वाळून कोळ झाला. हिरवं म्हणून उरलं ते फक्त ओढ्यात, रस्त्याच्या पुलाखाली. तिथं कुठून तरी ओल टिकायची आणि कडेला गुडघ्याएवढं लुसलुशीत गवत असायचं. काकू रोज दुपारून विळा घेऊन तिथं जायची. कालवडीला सोबत न्यायची, एका झुडपाला बांधायची आणि गवत कापायची. कोवळं कोवळं निवडून आधी कालवडीपुढं टाकायची, उरलेलं गाईला.

मीही त्या खेपेला तिथलं गवत घेतलं. नेहमीप्रमाणे अर्धं धुतलं, अर्धं न धुता ठेवलं. पिशवीवर लिहिलं: ओढा, पुलाखालचा.

प्रयोगशाळेत त्या गवताचा आकडा आला तेव्हा मी यंत्राकडे बघतच राहिले. शिशाचा आकडा. माळावरच्या, बांधावरच्या, डोंगराकडच्या साऱ्या नमुन्यांत शिसं नसल्यासारखं होतं. हे मात्र त्यांच्या कितीतरी पट. न धुतलेल्यात तर होतंच, धुतलेल्यातही होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की माझं काहीतरी चुकलंय. काचेचं भांडं नीट धुतलं गेलं नसेल, आम्ल खराब असेल. मी पुन्हा राख केली, पुन्हा विरघळवली, पुन्हा मोजलं. तोच आकडा. मग आम्लाची नवी बाटली उघडली. यंत्र दुसऱ्या विद्यार्थ्यांनाही लागायचं, त्यामुळे माझी पाळी यायला दोन-दोन दिवस जायचे. असे आठ दिवस गेले. सरांना दाखवायची लाज वाटत होती. इतका वेडावाकडा आकडा घेऊन गेले तर ते म्हणतील, साधं भांडं धुता येत नाही. आठव्या दिवशी दाखवला. सरांनी सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "हा ओढा कुठला? तिथं जवळ काय आहे?"

मी म्हटलं, "पूल आहे. रस्ता आहे. आणि..."

आणि मला आठवलं. पुलाच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचं घर आहे. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या तो घेतो. घरामागे फोडतो, आतलं शिसं लोखंडी कढईत वितळवतो. उरलेलं काळं पाणी आणि भुकटी मागच्या उतारावरून ओढ्यात जाते. मी लहानपणापासून ते घर बघत आले होते. बॅटरीवाल्याचं घर, एवढंच. कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी काकूला फोन करायला बाहेर आले, तर तिचाच फोन आला.

"बाई, तू येतीस का गं? हिला दिसना गेलंय."

"कुणाला?"

"कालवडीला. दोन दिस झाले, खात न्हाई. दात करकरा वाजवून राहिली. आन आज तर भितीला डोकं लावून उभी हाय, हटतच न्हाई. डॉक्टर येऊन गेले, ऊन लागलं म्हनले, सुई दिली. पन मला न्हाई वाटत ऊन."

मी तिला एवढंच सांगितलं की ओढ्यातलं गवत कुणालाच घालू नकोस, गाईचं दूधही कुणाला देऊ नकोस, मी निघाले.

पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कालवड गोठ्याच्या कोपऱ्यात उभी होती. डोळे उघडे होते. मी डोळ्यांपुढं हात नेला, ती हलली नाही. काकू तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिचं तोंड उतरलेलं होतं, पण रडत नव्हती.

काकूच्या समोरच मी डॉक्टरांना फोनवर माझा आकडा आणि ओढ्यात उतरणारं बॅटरीवाल्याचं शिसं, दोन्ही सांगितलं. ते भले माणूस. लगेच म्हणाले, "मॅडम, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लक्षणं तंतोतंत जुळतात." तासाभरात ते मोटारसायकलवर आले. शिशाला रक्तातून ओढून बाहेर काढणारं एक इंजेक्शन असतं. ते सहज मिळत नाही. त्यांनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले, शेवटी परभणीहून कुणाच्या तरी हाती मागवलं. तोपर्यंत त्यांच्याजवळचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि पोटात उरलेलं शिसं बांधलं जाऊन बाहेर पडावं म्हणून एक जुलाबाचं मीठ पाण्यातून पाजायला लावलं.

काकूला त्यांनी विचारलं, "नुसतं गवत खाऊन एवढं होत नाही सहसा. आणखी काही चाटत होती का ही?"

काकू आठवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी गवत कापायची तवर तिथली काळी माती चाटायची. मला वाटलं, खारट असंल, मिठाची गोडी लागली आसंल. चाटू दिली मी. काहून अडवायचं म्हनलं, लेकरू हाय."

डॉक्टरांनी कालवडीच्या पाठीवर थाप मारली आणि उद्या येतो म्हणून निघाले.

ते गेल्यावर आम्ही दोघी गोठ्यात बसून राहिलो. काकू ओल्या फडक्यानं कालवडीच्या तोंडाचा फेस पुसत होती. मला बोलल्याशिवाय राहवेना.

"काकू, मला आठ दिवस आधीच कळलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "काय?"

"त्या गवतात विष आहे म्हणून. आकडा आला होता. मला वाटलं माझंच चुकलं. मी परत परत मोजत बसले. तेव्हाच तुला एक फोन केला असता तर..."

काकूनं फडकं बादलीत पिळलं.

"आन मी?" ती म्हणाली. "मी तर रोज माझ्या हातानं नेऊन बांधली तिला तिथं. निवडून निवडून कोवळं घातलं. गाईला बी घातलं न्हाई ते हिला घातलं." तिनं फडकं परत कालवडीच्या तोंडाला लावलं. "तुला तुझ्या शाळंचं भ्या वाटलं. मला तर कशाचं भ्याबी न्हवतं. हिरवं दिसलं की कापलं."

मी रडत होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आता दोघी बसून रडायचं, का हिला पानी पाजायचं, सांग. मान धर हिची."

मी मान धरली. काकूनं बाटलीनं पाणी पाजलं. निम्मं माझ्या अंगावर सांडलं.

इंजेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. चार दिवस डॉक्टर रोज येत होते. पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी दात वाजायचे थांबले. चौथ्या दिवशी तिनं माझ्या हातातला शेवरीचा एक डहाळा हुंगला आणि दोन पानं खाल्ली. काकूनं ते बघितलं आणि उठून चुलीपुढं गेली. थोड्या वेळानं मी आत गेले तर ती पाठमोरी बसून पदरानं तोंड पुसत होती.

डोळे मात्र आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, कधी कधी महिन्याभरात येतात, कधी येत नाहीत.

गाईचं दूध मी तपासायला नेणार होते. तोवर ते रोज काढून, कुणा जनावराच्या तोंडी लागणार नाही अशा जागी खड्ड्यात ओतायचं असं ठरलं. ओतताना काकूचा जीव जायचा. आणि एका सकाळी दूध ओतून ती तशीच खड्ड्यापाशी उभी राहिली.

"बाई, मी त्याच्या पोरीला रोज दूध द्यायची," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"बॅटरीवाल्याच्या. तीन वर्साची हाय. आन ती तर दिसभर त्या उतारावरच खेळती."

मला खरं तर तक्रार करायची होती. अर्ज लिहायचा, आकडे जोडायचे, तालुक्याला द्यायचा, असं मी ठरवलं होतं. काकू म्हणाली, "अर्ज लिही. पन आधी मी बोलते. त्याला ठाऊक नसंल."

आम्ही दोघी गेलो. बॅटरीवाला चाळिशीचा, मन लावून काम करणारा माणूस. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. काकूनं सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

"काकू, आमी बारा वर्सं झाले हे काम करून राहिलो," तो म्हणाला. "आजवर कुणाला काय तकलीफ झाली का? तुमच्या वासराचं काय झालं ते आमच्या माथी मारू नका."

"तुझ्या माथी न्हाई मारत रे," काकू म्हणाली. "माझं वासरू गेलं आसतं तरी मी आले नसते भांडायला. मी तुझ्या पोरीसाठी आलेय. तिचं रगत तपासून घे. काय न्हाई निघालं तर मला चार शिव्या दे, मी ऐकून घेईन."

तो उठून आत गेला आणि परत बाहेर आला नाही. आम्ही घरी आलो. मला वाटलं, झालं, आता अर्जच.

दुपारी त्याची बायको गोठ्याशी आली. कडेवर मुलगी होती. ती दाराशीच उभी राहिली. त्या वेळी कालवड पाण्याच्या घमेल्याकडे जायला निघाली होती. तिला वासावरून दिशा कळायला लागली होती, पण अंतर कळायचं नाही. ती गव्हाणीला जाऊन धडकली, मागं सरली, पुन्हा धडकली. काकू उठली, तिच्या गळ्याखाली हात घातला आणि हळूहळू घमेल्यापर्यंत नेलं. ती बाई सगळं बघत होती. मग तिनं मुलीचे हात स्वतःच्या हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. नखांत काळं होतं. तिनं ते पदरानं पुसायला सुरुवात केली, आणि पुसता पुसताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मुलीला घेऊन नांदेडला गेले.

मुलीच्या रक्तात शिसं निघालं. असायला नको तेवढं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आलात. औषधापेक्षा आधी तिला तिथून दूर ठेवा, हात धुवायची सवय लावा, खाण्यात लोह आणि कॅल्शियम वाढवा. पोटात ते भरपूर असलं की शिसं अंगात कमी मुरतं. हे ऐकल्यावर काकूनं माझी वही मागितली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचायला लावलं. माळावरच्या कोणत्या पाल्यात लोखंड जास्त, कशात चुना जास्त. मग म्हणाली, "ह्यातलं माणसाला चालतं ते सांगते मी." ती डोंगराच्या बाजूच्या रानातून, ओढ्यापासून लांब, तांदुळजा आणि घोळीची भाजी खुडून आणायची आणि बॅटरीवाल्याच्या दारात ठेवायची. पहिल्या दिवशी तो बाहेर आला नाही. दहा-बारा दिवसांनी त्यानंच येऊन भाजी हातात घेतली आणि म्हणाला, "काकू, भट्टी मोडली मी. आता जुनी बॅटरी फोडत न्हाई, तशीच्या तशी परत धाडतो."

अर्ज मी लिहिला, पण त्याच्याविरुद्ध नव्हे. ओढ्यातली वरची माती काढून न्यावी असा लिहिला. खाली त्याचीही सही होती. माती निघायला पुढं बरेच महिने लागले. तोवर त्यानं स्वतः पुलाखाली बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, आणि कुणी विळा घेऊन तिकडं वळलं की दुकानातून ओरडायचा.

माझे बाकीचे आकडेही हळूहळू आले. गाईच्या भिंत चाटण्याचं कारण त्यांत होतं. उन्हाळ्यातल्या माळाच्या गवतात फॉस्फरस अगदीच तुटपुंजा होता. गाय आणि कालवड दोघी पोटातली उणीव भरून काढायला माती शोधत होत्या, आणि नेमकी तिथली माती कालवडीच्या तोंडी लागली. मी काकूला हे सांगितलं तेव्हा ती भिंतीतल्या खळग्यावरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "म्हंजी ती मागत व्हती, आन मला कळलं न्हाई?"

मी म्हटलं, "मलाही कळलं नाही, काकू."

त्यानंतर गोठ्यात चाटण वीट टांगली. गाईनं भिंत सोडली. काकूनं नवं लुगडं निर्धास्तपणे दोरीवर टाकलं.

गाईच्या दुधात शिसं निघालं होतं, थोडंसं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तर उरलं नव्हतं. माझा प्रबंध पुढं पूर्ण झाला, मला महाविद्यालयात नोकरी लागली. कालवड आंधळीच राहिली, पण वाढली. सगळे म्हणायचे, विकून टाक, आंधळ्या जनावराचं काय करायचं. काकू उत्तरच द्यायची नाही. तिनं गोठ्याची मांडणी एकदा ठरवली आणि मग कधी बदलली नाही. घमेलं तिथंच, गव्हाण तिथंच, झाडूसुद्धा तिथंच. माळावर जाताना ती सारखी बोलत चालायची, म्हणजे कालवडीला आवाजामागं येता यावं. काय बोलायची? काहीही. आज भाजीत मीठ जास्त झालं, बस उशिरा आली, पुतणीचा फोन आला नाही. मी एकदा मागून चालत हे सगळं ऐकलं. माझ्याबद्दलच्या तक्रारी तिनं कालवडीला सविस्तर सांगितलेल्या होत्या.

कालवड गाभण राहिली तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली. शिसं हाडात जाऊन बसतं, कॅल्शियमची जागा घेऊन. दूध यायला लागलं की हाडातलं कॅल्शियम सुटतं आणि त्याबरोबर जुनं शिसंही सुटू शकतं. मी काकूला हे सांगितलं. काकूची काळजी वेगळीच होती.

"तिला दिसत न्हाई. पोटचं लेकरू तिला कसं गावंल?"

यंदाच्या श्रावणात, भल्या सकाळी फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा कालवड, आता गायच म्हणायची, नुकतीच व्यायली होती. वासरू गवतावर पडलं होतं, ओलं, थरथरतं. गाय दोन हात लांब उभी होती, मान इकडून तिकडं हलवत. काकू मधे पडायची नाही म्हणून भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात तोंडावर.

वासरानं बारीक आवाज केला. गाय थांबली. तिनं नाक खाली नेलं, हुंगत हुंगत एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना पाय अगदी हवेत धरला आणि टेकवलाच नाही, मागं घेतला. जणू पायाखाली कोण आहे ते तिला कळलं होतं. मग मान लांब करून तिनं वासराची पाठ चाटायला सुरुवात केली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पुन्हा शेपटीपासून डोक्यापर्यंत. एक तसूही जागा सोडली नाही.

पहिल्या दुधाचा थोडा चीक मी बाटलीत घेतला आणि उरलेला वासराला पिऊ दिला. पुढं आठवड्यानं त्याचा आकडा आला. मोजण्याएवढं शिसं त्यात नव्हतं. या खेपेला मी आकडा पुन्हा मोजत बसले नाही. यंत्रापाशी उभी असतानाच काकूला फोन लावला.

पण त्या सकाळी हे अजून कळायचं होतं. त्या सकाळी वासरू उठून उभं राहिलं, पडलं, पुन्हा उठलं. काकू मला म्हणाली, "बघत काय बसलीस, बाई? तिला भूक लागली आसंल. डोंगराकडच्या शेवरीचा कोवळा पाला आन." आणि आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि गाईनं, एकदमच मान वळवली. काकू हसायला लागली. मी विळा घेतला आणि डोंगराच्या बाजूनं निघाले.